काचेतले क्षितिज : छोट्या हेलिकॉप्टरला डिजिटल पडदे हवेत काय?

१/
छोट्या हेलिकॉप्टरांच्या जाहिरातींत हल्ली पात्यांपेक्षा पडदेच अधिक झळकतात. निळे आकाश, तपकिरी डोंगर, हिरवे आकडे, सारे एका काचेत. तबकड्या आणि काटे असलेला जुना फलक पाहून नवशिका वैमानिक नाक मुरडतो. मुरलेला वैमानिक त्या पडद्याला ‘व्हिडिओ गेम’ म्हणून हिणवतो. हा वाद कालपरवाचा आहे अशी दोघांचीही समजूत असते. वस्तुतः तो शंभरीला टेकला आहे, आणि त्या शंभर वर्षांत काय घडले हे न पाहता दिलेले उत्तर अर्धेच राहते. #धागा

२/
१९२६ साल. सॅन फ्रान्सिस्कोमधील क्रिसी फील्ड या तळावर विल्यम ऑकर हा अमेरिकी लष्करी वैमानिक वैद्यकीय तपासणीसाठी गेला. डॉक्टरांनी त्याला फिरत्या खुर्चीत बसवले, डोळे मिटायला लावले आणि खुर्ची फिरवली. वेग मंदावला की ऑकरला वाटे, खुर्ची थांबली. ती खरोखर थांबली की वाटे, आता उलटी फिरू लागली. अनुभवी वैमानिकाच्या अभिमानाला हा चांगलाच धक्का होता. ढगात शिरलेली विमाने का कोसळतात, याचे उत्तर त्या खुर्चीत होते : कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा दृष्टीचा आधार सुटताच बेधडक खोटी साक्ष देते.

३/
ऑकरने मग वळण दाखवणारे एक जायरो-उपकरण पेटीत बसवले, त्यात डोकावत तो पुन्हा खुर्चीत बसला, आणि या खेपेला त्याची उत्तरे बरोबर आली. शरीराला वाटते ते आणि उपकरण सांगते ते यांत विरोध आला तर उपकरणावर विश्वास ठेवावा, हा आजच्या प्रत्येक वैमानिकाला शिकवला जाणारा धडा येथून रुजू लागला. तो सहजासहजी पचला नाही. ‘खरा वैमानिक आसनातून विमान जाणतो’ अशी त्या पिढीची श्रद्धा होती, आणि उपकरणांकडे पाहून उडणे हा तिला दुबळेपणा वाटे.

४/
२४ सप्टेंबर १९२९. न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल याने कॉकपिटवर झाकण ओढून, बाहेरचे काहीही न पाहता, विमान उडवले, फिरवले आणि उतरवले. पुढच्या आसनावर बेन केल्सी हा दुसरा वैमानिक केवळ अडीअडचणीसाठी बसला होता. डूलिटलच्या समोर एल्मर स्पेरीच्या कंपनीचे कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक जायरो होता, तसाच पॉल कोल्समनचा संवेदनशील उंचीमापक. क्षितिज बाहेर दिसेनासे झाले तर ते आत, एका तबकडीत आणता येते हे त्या दिवशी सिद्ध झाले.

५/
म्हणजे ‘आत पाहावे की बाहेर’ हा झगडा पडद्यांनी आणलेला नाही. तो तबकड्यांनीच सुरू केला. आज ज्या तबकड्यांची आठवण काढून उसासे टाकले जातात, त्या एके काळी याच आरोपाच्या धनी होत्या.

६/
शिवाय तबकड्या काही निष्पाप नव्हत्या. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या अमेरिकी हवाई दलाच्या मानसशास्त्रज्ञांनी उपकरणे वाचताना वैमानिकांकडून झालेल्या २७० चुकांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. तीन काट्यांचा उंचीमापक वाचताना हजार फुटांची गफलत होणे, हा त्यांतील एक ठळक प्रकार होता. घड्याळात पाच वाजलेत की सहा हे चुकणे आणि डोंगराच्या वर आहोत की डोंगरात हे चुकणे, यांतील फरक वेगळा सांगायला नको. फिट्स-जोन्स यांचा निष्कर्ष वैमानिकांना दिलासा देणारा होता : यांतल्या पुष्कळशा चुकांचे मूळ माणसाच्या गबाळेपणापेक्षा उपकरणाच्या मांडणीत आहे.

७/
आणि येथे एक विस्मृतीत गेलेले प्रकरण. १९५३ च्या सुमारास अमेरिकी नौदल आणि भूदल यांनी मिळून वैमानिकापुढील उपकरणांचा मुळापासून फेरविचार करणारा प्रकल्प हाती घेतला. डझनभर तबकड्यांतून डोक्यात चित्र जुळवण्याऐवजी, बाहेर स्वच्छ दिवशी जे दिसते त्याचेच रेखाचित्र वैमानिकाला दूरचित्रवाणीच्या नळीवर दाखवावे, ही त्यामागची कल्पना. विमानांचे काम डग्लस कंपनीकडे आणि हेलिकॉप्टरांचे बेल कंपनीकडे गेले. आज ‘सिंथेटिक व्हिजन’ या नावाने जे विकले जाते, त्याचे हे आजोबा. पडद्याची कल्पना हेलिकॉप्टरला नंतर चिकटवली गेली असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. हेलिकॉप्टर तिच्या पाळण्यापाशीच होते. मात्र त्या काळची इलेक्ट्रॉनिक्स इतकी जड आणि नाजूक होती, की कल्पना प्रयोगशाळेच्या बाहेर फारशी पडली नाही.

८/
पुढची कथा परिचित आहे, म्हणून थोडक्यात. १९७० च्या दशकात नासाच्या लँग्ले केंद्राने एका बोईंग ७३७ मध्ये इलेक्ट्रॉनिक पडदे बसवून प्रयोग केले. १९८२-८३ मध्ये बोईंग ७६७ आणि एअरबस ए३१० यांनी ते प्रवासी वाहतुकीत रूढ करण्यास आरंभ केला. हलक्या हेलिकॉप्टरांत सैन्याचे ओएच-५८डी हे टेहळणी यंत्र १९८० च्या दशकातच पडदे घेऊन आले, पण नागरी छोट्या हेलिकॉप्टरांना त्यांची ऊब मिळायला २०१० चे दशक उजाडावे लागले. त्याआधी २००३-०४ च्या सुमारास एका इंजिनाच्या छोट्या खासगी विमानांत पडद्यांची लाट आली होती.

९/
या लाटेचा हिशेब अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये मांडला. २००२ ते २००६ या काळात बनलेली आठ हजारांहून अधिक छोटी पिस्टन विमाने तपासली गेली. पडदेवाल्या विमानांचे एकूण अपघात कमी होते. परंतु प्राणघातक अपघातांचे प्रमाण अधिक होते. एकंदर सुरक्षितता सुधारल्याचा पुरावा मंडळाला आढळला नाही.

१०/
पडद्यांचे विरोधक हा अहवाल ब्रह्मवाक्यासारखा फेकतात. तो पुढे वाचला तर चित्र बदलते. पडदेवाली विमाने अधिक लांबच्या प्रवासाला, अधिक वेळा उपकरणांच्या भरवशावर जात होती. तबकड्यांची विमाने बरेचदा प्रशिक्षणासाठी धावपट्टीभोवती घिरट्या घालत होती. प्रशिक्षणात चाक वाकते, पंख खरचटतो, माणूस वाचतो. लांबच्या प्रवासात, वादळाच्या तोंडी झालेली चूक बहुधा शेवटची असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा पेच नवा नाही : दोन गट वेगळे दिसले की आधी पाहायचे, त्यांची माणसे आणि त्यांची कामे एकच होती काय?

११/
तरीही अहवालातील एक बोच काढून टाकता येत नाही. पडदा बिघडतो तेव्हा तो तबकडीसारखा बिघडत नाही. हवेचा वेग मोजणारी नळी बुजली तर जुन्या फलकावर वेगाचा काटा तेवढा खोटे बोलतो. एकात्मिक पडद्यावर एका बिघाडापायी अनेक माहित्या एकदम लाल फुल्यांखाली जाऊ शकतात. असे घडले तर काय करायचे याचे शिक्षण पुष्कळ वैमानिकांना मिळालेलेच नव्हते. मंडळाचा भर यंत्रापेक्षा शिक्षणावर होता, आणि तो योग्य होता.

१२/
आता हेलिकॉप्टर. विमानाचे निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लावणे हीच या वादातील सर्वांत मोठी चूक आहे.

१३/
नीट साधलेले छोटे विमान हात सोडले तरी काही काळ सरळ जात राहते. छोटे हेलिकॉप्टर तसे जात नाही. त्याला स्वतःचा असा तोल नसतो. उजवा हात सायक्लिक दांड्यावर, डावा हात कलेक्टिव्हवर, पाय पेडलांवर, आणि हे सारे सतत, सूक्ष्म हालचालींनी. उजवा हात सुटला की काही क्षणांत यंत्र कलू लागते.

१४/
रॉबिन्सन आर२२ चे उदाहरण घ्यावे. फ्रँक रॉबिन्सन याने १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी काढली आणि १९७९ मध्ये या दोन आसनी यंत्राला प्रमाणपत्र मिळाले. उड्डाणाच्या वेळी माणसे आणि इंधन धरून कमाल वजन १,३७० पौंड, म्हणजे सुमारे ६२१ किलो. पाती हलकी, त्यामुळे त्यांत साठलेली गतीही थोडी. इंजिन बंद पडले तर वैमानिकाने एक-दीड सेकंदाच्या आत डावा हात खाली दाबून पात्यांचा कोन उतरवायचा असतो. उशीर झाला तर पात्यांचे फेरे इतके घटतात की ते परत मिळत नाहीत. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९९५ मध्ये आर२२ आणि आर४४ च्या वैमानिकांसाठी खास शिक्षणाचा नियम काढला, त्यामागे असेच अपघात होते.

१५/
या एक-दीड सेकंदाच्या उजेडात स्पर्शपडद्याकडे पाहावे. वैमानिक उजवीकडे बसतो. उजवा हात सोडता येत नाही. म्हणून मधल्या फलकावरील पडद्याला स्पर्श करायचा तर डावा हात जातो. अर्थात नकाशा मोठा करताना, वारंवारता बदलताना, यादीत यादी उघडताना नेमका तोच हात कलेक्टिव्हवर नसतो जो इंजिन गप्प होताच तेथे असायला हवा. गुंडी फिरवून क्लिक मोजता येतात, बोटांना ती न पाहता सापडते. थरथरत्या यंत्रात गुळगुळीत काचेवर बोट टेकवायचे तर डोळेही तिकडेच न्यावे लागतात. बैठकीच्या खोलीतली सोय कॉकपिटमध्ये जशीच्या तशी उचलून ठेवली, की असे होते.

१६/
दुसरा मुद्दा काट्याचा. आर२२ च्या फलकावर इंजिन आणि रोटर यांचे फेरे दाखवणारे दोन काटे एकाच उपकरणात असतात. वैमानिक आकडा वाचत नाही. काटे हिरव्या पट्ट्यात जोडीने उभे आहेत की नाही, एवढेच डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहतो. फाटाफूट झाली की हात आधी हलतो, विचार नंतर येतो. नुसता आकडा दाखवणारा पडदा येथे काट्याच्या पासंगालाही पुरत नाही. चांगल्या पडद्यांच्या रचनाकारांनी हे ओळखले आहे आणि काचेवर पुन्हा काटे आणि पट्टेच रंगवले आहेत. जुन्याचा हा विजय म्हणावा तर तो जुन्या रूपाचा आहे, जुन्या धातूचा नव्हे.

१७/
तिसरा मुद्दा वजनाचा, आणि तो बहुतेकांच्या अपेक्षेच्या उलट जातो. यांत्रिक जायरोत फिरते चाक असते, त्याची धारवे झिजतात. घन-अवस्थेतील संवेदकांत फिरणारे काही नाही. अनेक तबकड्यांचे काम एक पेटी करते. वीस हजार फुटांच्या आसपासच्या हिमशिखरावर जेथे एका फेरीत जेमतेम काही किलो सामान नेता येते, तेथे फलकाचे वाचलेले वजन ही चैन नसून रसद आहे.

१८/
येथे विषय भारतात येतो. फ्रेंच अलूएत-३ आणि लामा यांच्यापासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेली चेतक आणि चीता ही हेलिकॉप्टरे भारतीय सैन्याची कित्येक दशकांची सोबती आहेत. लामाने २१ जून १९७२ रोजी ज्याँ बुले याच्या हाती १२,४४२ मीटर उंची गाठली होती. सियाचेनमध्ये १९८४ नंतर जे काही शक्य झाले, त्यात या यंत्राचा वाटा फार मोठा आहे. त्याचा फलक मात्र त्याच्या काळाचा : तबकड्या आणि काटे. भूदलाचे वैमानिक ज्या नाशिकच्या शाळेत तयार होतात, तेथील पिढ्यांची नजर याच काट्यांवर घडली.

१९/
मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना लष्करी वैमानिकांच्या पत्नींचा एक गट या जुन्या हेलिकॉप्टरांना निवृत्त करण्याची मागणी घेऊन त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. ‘पडदे हवेत की तबकड्या’ हा प्रश्न कोणाला हौशी वाटत असेल, तर त्याने या भेटीची आठवण ठेवावी. काट्यांच्या सौंदर्यावर लिहिणे सोपे असते. घरी वाट पाहणाऱ्यांना त्यात रस नसतो.

२०/
त्यांची जागा घेण्यासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे तीन टन वर्गातील हलके हेलिकॉप्टर ६ सप्टेंबर २०१६ रोजी प्रथम उडाले. त्याला काचेचे कॉकपिट आहे. लक्ष वेधून घेते ती पुढची गोष्ट : पडदे जागेवर होते, स्वयंचलित उड्डाणप्रणालीच्या चाचण्यांना मात्र पुढे बराच काळ लागला. दाखवणे सोपे, धरून ठेवणे अवघड, हा फरक या एका कार्यक्रमात स्पष्ट दिसतो.

२१/
आणि खरा वाद याच फरकावर व्हायला हवा. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात, उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचे दृश्य झाकून विमान चालवायला दिले गेले. विसांच्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. त्यांच्यापुढे उपकरणे नव्हती असे नाही. पाहून हात कसा हलवायचा हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि ते विमान होते, बरेचसे स्वतःच्या तोलाने उडणारे. छोट्या हेलिकॉप्टरला एवढीही मुदत मिळत नाही.

२२/
उलट बाजूचे उदाहरणही आहे. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातील कालाबासस येथे सिकोर्स्की एस-७६बी कोसळले आणि बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह नऊ जण गेले. ते छोटे हेलिकॉप्टर नव्हते. उपकरणांवर उडण्याची सामग्री त्यात होती आणि वैमानिकाकडे त्या प्रकारचा परवानाही होता. तरीही ढगात शिरल्यावर त्याचे दिशाभान सुटले. फलकावर क्षितिज असणे पुरेसे ठरले नाही, कारण ते उड्डाण डोळ्यांच्या भरवशावर करायचे ठरले होते आणि डोळ्यांना दिसेनासे झाल्यानंतरही पुढे चालू राहिले.

२३/
१८ ऑक्टोबर २०२२ रोजी केदारनाथच्या दरीत एक हलके हेलिकॉप्टर कोसळून सात जण मरण पावले. हवा खराब होती, दरी ढगांनी भरली होती. अशा दरीत भूप्रदेशाचे चित्र दाखवणारा आणि डोंगर जवळ येताच ओरडणारा पडदा निरुपयोगी आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. पण त्याच चित्राच्या भरवशावर ‘दिसत नाही तरी जाऊन पाहू’ असे धैर्य वैमानिकाला किंवा त्याच्या मालकाला येणार असेल, तर पडद्याने दिलेले सारे पडद्यानेच काढून घेतले. दरीवर ताणलेली विजेची तार त्या चित्रात बहुधा नसतेच. सह्याद्रीच्या घाटांतून पावसाळ्यात उडणाऱ्यांना ही तार कोणी समजावून सांगायला नको.

२४/
अमेरिकेने यातून जो मार्ग काढला तो उल्लेखनीय आहे. २०१४ च्या नियमाने रुग्णवाहू हेलिकॉप्टरांना भूप्रदेशाचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची केली, आणि त्याच नियमात उड्डाणाच्या नोंदी ठेवणारे यंत्रही घ्यायला लावले. सारी छोटी हेलिकॉप्टरे एका फटक्यात काचेची करा, असे त्यात नाही. जे रात्री-अपरात्री, अनोळखी जागी, घाईत उतरतात त्यांच्यावर बोजा आधी. धंद्याचे स्वरूप पाहून यंत्र ठरवणे हे यंत्र पाहून धंदा वाढवण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचे.

२५/
नोंदींचा हा मुद्दा जाहिरातींत सर्वांत मागे असतो. खरे तर तो पहिला असायला हवा. तबकडीला स्मरण नसते. इंजिन कालच्या उड्डाणात मर्यादेपलीकडे तापले होते काय, हे वैमानिकाने सांगितले तरच कळते, आणि सांगण्यात त्याचाच तोटा असतो. बहुतेक आधुनिक पडदे ही गोष्ट मुकाट्याने लिहून ठेवतात. पुढचा वैमानिक, दुरुस्ती करणारा यंत्रज्ञ, अपघाताचा तपास करणारा अधिकारी या तिघांना ती नोंद उपयोगी पडते. छोट्या हेलिकॉप्टरांत स्वतंत्र ‘ब्लॅक बॉक्स’ सहसा नसतो. तेथे पडद्याची ही दिनदर्शिका हाच एकमेव साक्षीदार उरू शकतो. दस्तऐवजांवर जगणाऱ्या इतिहासकाराला हे सांगावे लागत नाही.

२६/
मग छोट्या हेलिकॉप्टरला डिजिटल पडदे हवेत काय? हवेत, पण पैशाच्या क्रमवारीत ते पहिले नाहीत. आर४४ आणि आर६६ यांत बसू शकणारी, तोल राखून वैमानिकाच्या हातावरचा भार हलका करणारी यंत्रणा सात किलोंच्या आत मिळते. ढगात चुकून शिरलेल्या वैमानिकाला तिच्यामुळे वळून परत येण्याइतकी उसंत मिळते. रंगीत डोंगरांचे चित्र ती उसंत देत नाही. ज्याच्याकडे एकाच गोष्टीपुरते पैसे आहेत त्याने हीच यंत्रणा घ्यावी आणि फलकावर तबकड्या राहू द्याव्यात.

२७/
दिवसा, स्वच्छ हवेत, तळाच्या आसपास शिकवणाऱ्या आर२२ ला मोठा पडदा घेणे हा तर निव्वळ डामडौल. तेथे शिकाऊ वैमानिकाची नजर बाहेरच्या क्षितिजावर बसवायची असते. समोर चकाकणारे चित्र ठेवून ती आत ओढण्यात शिक्षकाचाच घाम निघतो. फार तर स्वतःची बॅटरी असलेले एक लहानसे इलेक्ट्रॉनिक क्षितिज बसवावे. अनेक छोट्या हेलिकॉप्टरांच्या मूळ फलकावर कृत्रिम क्षितिज असतच नाही, ही गोष्ट पडदा-तबकडीच्या भांडणात कोणी उच्चारत नाही. डूलिटलला १९२९ मध्ये मिळालेले उपकरण आज विकल्या जाणाऱ्या यंत्रात ‘जादा पैसे भरून’ मिळावे, हे विलक्षण आहे.

२८/
डोंगर, समुद्र, रात्र आणि रुग्णसेवा यांसाठी मात्र पडद्यांना विरोध करण्यात अर्थ उरलेला नाही. अट दोन गोष्टींची असावी : कलेक्टिव्हवरचा हात न हलवता चालवता येतील अशी बटणे दांड्यावरच असावीत, आणि शिक्षकाने प्रशिक्षणात पडदा मुद्दाम काळा करून दाखवावा. सूचना न देता, उड्डाणाच्या मध्यावर, दिवसा आणि सुरक्षित उंचीवर. लाल फुल्या प्रथम दिसण्याची जागा तीच असली पाहिजे.